सत्तर किलोमीटर

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. औषधं संपली होती का, डॉक्टर कमी पडले का, खरेदी कुणी अडवली, असे प्रश्न देशभर विचारले गेले. एका खासदारानं अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि तो व्हिडिओ मोबाइलवरून सगळीकडे फिरला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

या गदारोळात अधिष्ठात्यांचं एक म्हणणं मागे पडलं. ७०-८० किलोमीटरच्या परिघात गंभीर रुग्णांसाठी असं हे एकच रुग्णालय आहे, म्हणून लांबलांबून रुग्ण इथं येतात, असं ते म्हणाले होते. ही सबब होती की खरं कारण, यावर वाद घालता येईल. अंतर मात्र खरं आहे. नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा मागे टाकून साधारण ७० किलोमीटरवर अहमदपूर लागतं. तिथून पुढे लातूरही जवळपास तेवढंच. दोन टोकांना दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि मधोमध बालाघाटच्या डोंगरातला हा तालुका. अडलेली बाई, साप चावलेला गडी किंवा वेळेआधी जन्मलेलं बाळ घेऊन घरचे तालुक्याच्या दवाखान्यात पोचतात, तेव्हा मराठवाड्यात कुठेही अनेकदा एकच वाक्य कानावर पडतं: ‘पुढं हलवा.’

पुढं म्हणजे कुठं, याचं उत्तर गेल्या ७५ वर्षांत बदलत गेलं. पुढं हलवावं का लागतं, याचं कारण मात्र फारसं बदललं नाही. आरोग्यव्यवस्था कार्यक्षम असावी की समन्यायी, असा वाद अभ्यासक घालत असतात. अहमदपूरसारख्या ठिकाणाहून पाहिलं, तर हे दोन वेगळे प्रश्न उरतच नाहीत.

बिदर, उस्मानाबाद, लातूर

निजामाच्या हैदराबाद संस्थानात अहमदपूर तालुका बिदर जिल्ह्यात होता. मोठा दवाखाना म्हणजे हैदराबादचा उस्मानिया. राजधानीत डॉक्टर घडवणारी शाळा १८४६ मध्येच सुरू झाली होती. मराठवाड्याच्या भूमीवर पहिलं वैद्यकीय महाविद्यालय यायला १९५६ साल उजाडलं आणि तेही औरंगाबादला. मधली ११० वर्षं या भागातल्या माणसाला डॉक्टर व्हायचं असो की मोठ्या डॉक्टरला दाखवायचं असो, राजधानी गाठणं किंवा संस्थानाबाहेर जाणं भाग होतं.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बिदरमधून निघून मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. अहमदपूरहून उस्मानाबादला जायचं तर लातूर ओलांडून आणखी तेवढीच वाट तुडवावी लागे. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला आणि हे अंतर निम्म्यावर आलं. तालुका जागेवरच होता, जिल्ह्याचं ठिकाण तेवढं हलत राहिलं.

याचं महत्त्व आज पटकन ध्यानात येत नाही. जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे जिल्हा रुग्णालय, औषधांचं भांडार, बदलीचे आदेश आणि साहेबांची सही. आपली व्यवस्था जिल्ह्याच्या गावापासून खाली मोजत येते. जो तालुका कायम कडेला, त्याच्यापर्यंत सगळं शेवटी पोचतं.

शिडी आणि तिच्या पायऱ्या

खरं तर कागदावरची योजना याच्या उलट होती. सर जोसेफ भोर यांच्या समितीनं १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे त्यातलं मूळ सूत्र. त्यासाठी समितीनं आरोग्यसेवेची शिडी सुचवली: तळाला गावांच्या जवळचं प्राथमिक केंद्र, मग मधला दवाखाना, मग जिल्हा. १९५२ मध्ये समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. पुढे निकष ठरले. सपाट भागात ५,००० लोकांमागे उपकेंद्र, ३०,००० लोकांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि सव्वा लाखाच्या आसपास लोकसंख्येमागे ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय.

ही शिडी काटकसरीचीच होती. तापाच्या रुग्णाला तज्ज्ञ लागत नाही. साध्या बाळंतपणाला वैद्यकीय महाविद्यालय लागत नाही. जे खाली निभतं ते खालीच निभावलं, तर वरच्या खाटा खरोखर अवघड रुग्णांसाठी मोकळ्या राहतात. गरिबाचा एसटीचा पैसा आणि बुडालेला रोज वाचतो, सरकारचाही खर्च वाचतो.

पण शिडीची मधली पायरी कशी मोडते, ते पाहण्यासारखं आहे. ३० खाटांच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया कक्ष आहे, टेबल आहे, परिचारिका आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञही आहेत असं समजू. फक्त भूल देणारा डॉक्टर नाही. तेवढ्यानं सिझेरियन होत नाही. एका रिकाम्या पदामुळे बाकी सगळ्यांचा पगार, इमारत आणि यंत्रं त्या घडीला निरुपयोगी ठरतात. रुग्णालय हा नुसता थांबा होतो: केस पेपर काढायचा, सलाईन लावायचं आणि पुढं हलवायचं. सरकारी हिशेबात मात्र ‘रुग्णालय आहे’ अशीच नोंद राहते.

अनुशेष कशाचा मोजला?

मराठवाड्यातल्या माणसाला ‘अनुशेष’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९८४ मध्ये महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला. रस्ते, सिंचन, शिक्षण यांच्याबरोबर आरोग्यसेवाही त्यात होती. राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे, हे पहिल्यांदाच आकड्यांत दिसलं. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. अनुशेष हा मराठवाड्याच्या राजकारणाचा कायमचा मुद्दा झाला.

यातून मिळालंही बरंच. अंबाजोगाईला सत्तरच्या दशकातच ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं होतं. नांदेडला १९८८ मध्ये आलं, लातूरला २००२ मध्ये. १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, हे आठवलं की या प्रगतीचं मोल कळतं.

तरीही अनुशेष मोजायची ही रीत जिल्ह्याच्या पातळीवर थांबते. जिल्ह्याच्या गावी ५०० खाटा आल्या की जिल्ह्याचा आकडा सुधारतो. ७० किलोमीटरवरच्या तालुक्यात भूलतज्ज्ञ आला नाही, तर तो अनुशेष ठळकपणे कुठल्याच रकान्यात चढत नाही. ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक नियम मांडला होता: चांगल्या उपचाराची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथे तो सर्वांत कमी मिळतो. ते वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत काम करत. नियम मात्र मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याला लागू पडतो.

जे जामखेडला जमलं

याला उत्तर नव्हतं असं नाही. ते आपल्या वेशीवरच सापडलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये बीडला लागून असलेल्या जामखेडला आले. परिसरात त्या वेळी जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. आरोळ्यांनी दवाखाना काढला, पण भरवसा ठेवला तो गावातल्या बायांवर. त्यातल्या अनेकजणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग यांचं काम त्या शिकल्या आणि घरोघर नेलं. बालमृत्यू झपाट्यानं घटले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा देणारी आल्मा-आटाची परिषद त्यानंतर तीन वर्षांनी झाली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांचा प्रश्न हाती घेतला. ३९ गावांतल्या प्रशिक्षित बाया घरी जाऊन बाळाचं वजन करत, त्याला ऊब देत, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखत आणि गरज पडली तर इंजेक्शनही देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट झाली होती. आशाताईंच्या घरभेटींमागे हाच अनुभव आहे.

या दोन्ही ठिकाणी स्वस्त तेच न्याय्य ठरलं, कारण उपचार माणसाच्या दाराशी गेला. माणसाला उपचारापाशी नेण्यावर सगळी मदार नव्हती.

कार्ड आलं, अंतर राहिलं

२०१२ मध्ये राज्यानं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यात नांदेड होतं. पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली. २०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका आली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरचे पैसेही बंद झाले. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आल्याचं सरकारी आकडे सांगतात.

हे कमी नाही. कितीतरी घरांची शेतं या योजनांमुळे सावकाराकडे जायची वाचली असतील. पण विमा मोठ्या ऑपरेशनचं बिल भरतो आणि रुग्णवाहिका लवकर लांब नेते. मधली पायरी यातलं कुणीच दुरुस्त करत नाही. उलट पैसा आणि माणसं आणखी वरच्या टोकाला ओढली जातात.

मग शेवटच्या रुग्णालयात काय होतं? सगळीकडून हलवलेले रुग्ण तिथे जमा होतात. खाटांपेक्षा माणसं जास्त, औषधांचा साठा ठरलेल्या संख्येचा. खरेदीही अडलेली: २०१७ पासून ती हाफकिनकडे होती, २०२३ मध्ये नव्या प्राधिकरणाकडे जात होती. नातेवाइकांच्या हाती बाहेरची चिठ्ठी येते. दीड-दोन तासांच्या प्रवासात गारठलेलं कमी वजनाचं बाळ आधीच अर्धी लढाई हरलेलं असतं. नांदेडच्या त्या २४ मृत्यूंची जबाबदारी ठरवायलाच हवी. पण रुग्णालयाच्या फाटकावर सुरू होणारी चौकशी कारणांच्या निम्म्या वाटेपर्यंतच पोचते.

त्याच महिन्यात राज्यातल्या आशाताई मानधनासाठी संपावर गेल्या. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. जामखेड आणि गडचिरोलीनं ज्या बाईला व्यवस्थेचा पाया ठरवलं, तिला आपण अजून पुरतं कर्मचारी मानलेलं नाही. एकीकडे वरची खाट अपुरी, दुसरीकडे खालचं माणूस रस्त्यावर. या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या गेल्या, तरी त्या एकच होत्या.

आपल्या तालुक्याची आरोग्यव्यवस्था कशी आहे हे पाहायचं तर नव्या इमारतीच्या फोटोवर जाऊ नका. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ आठवड्यातले किती दिवस असतो, तेवढं विचारा. गेल्या महिन्यात किती बाळंतिणींना पुढं हलवलं आणि का, हेही विचारा. माहितीच्या अधिकारात हा अर्ज कुणालाही करता येतो. अनुशेष मोजायची ही साधी रीत आहे आणि तिला जिल्ह्याच्या गावापर्यंत जावं लागत नाही.