बदलीचा हुकूम आणि हिवतापाचा शोध

हातातले काम अर्धवट टाकून सामान बांधावे लागणे, ही व्यथा परप्रांती चाकरी करणाऱ्या आपणांपैकी पुष्कळांनी भोगली असेल. बंगळूरच्या इतिहासात अशी एक बदली आहे आणि हिवतापाच्या शोधाशी तिचा निकटचा संबंध आहे.

रोनाल्ड रॉस हे भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर. साठलेले पाणी काढून टाकले की डास कमी होतात, हे १८८३ साली बंगळूरला असतानाच त्यांच्या ध्यानात आले होते. पुढे १८९४ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी लंडनला त्यांना हिवतापाचे जंतू दाखविले. लावराँ या फ्रेंच डॉक्टरांनी ते १८८० साली अल्जीरियात प्रथम पाहिले होते. भारतात परतल्यावर रॉस सिकंदराबादेस डासांची पोटे चिरून तपासू लागले. तोच सप्टेंबर १८९५ मध्ये हुकूम आला, की बंगळूरला पटकीची साथ आहे, तिकडे जावे.

सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात हिवतापाचे रोगी क्वचितच मिळत. संशोधन थांबले; पत्रव्यवहार मात्र थांबला नाही. डास पाण्यात मरतो व ते पाणी पिणाऱ्यास ताप येतो, असा मॅन्सन यांचा तर्क होता. तो चुकीचा ठरला, तरी डासाकडे बोट त्यांनीच दाखविले होते. त्या पाण्यातून नव्हे, तर कोणत्या मुलखात कोणत्या जातीचा डास आहे यावरून ताप ठरतो, हे लंडनला बसून दिसणारे नव्हते. उटीजवळच्या तापट सिगूर घाटात गेले असता रॉस यांना ठिपकेदार पंखांचा एक निराळा डास आढळला. पुढे सिकंदराबादेस, २० ऑगस्ट १८९७ रोजी, तशाच डासाच्या पोटात त्यांना जंतू सापडला.

लगेच पुन्हा बदली झाली, ती राजपुतान्यातील खेरवाड्यास! या वेळी मॅन्सन यांनी लंडनहून खटपट केली आणि १८९८ मध्ये रॉस यांस कलकत्त्यास खास कामगिरी मिळाली. तेथे पक्ष्यांवर केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष मॅन्सन यांनी त्याच जुलैत एडिंबरोच्या वैद्यकपरिषदेत जाहीर केला.

१९०२ साली रॉस यांस नोबेल पारितोषिक मिळाले. सिकंदराबादेस दर डासामागे एक आणा घेऊन ज्याने स्वतःचे अंग चावून घेतले, त्या हुसेन खानाचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. पत्रांनी दोन खंड जोडले खरे. पण त्या पत्रांत लिहिण्याजोगे जे घडले, ते त्याच्या खाटेपाशी.