स्पर्धा-पिस्तुलातील सुट्या भागांची निवड आणि उकलण्याची सुलभता : १९११ नमुन्याचा तंत्रेतिहास

प्रस्तावना

शस्त्रांच्या इतिहासात मारक क्षमता, पल्ला व अचूकता यांची चर्चा विपुल आढळते. त्या मानाने शस्त्र उकलणे, साफ करणे व पुन्हा जोडणे या नित्याच्या क्रियांकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः यंत्र कोणाच्या हाती राहते, वापरणाऱ्याच्या की कारागिराच्या, हे पुष्कळदा याच क्रियांवरून ठरते. प्रस्तुत लेखात अमेरिकी सैन्याच्या १९११ नमुन्याच्या पिस्तुलाचे स्पर्धात्मक नेमबाजीच्या साधनात रूपांतर होताना सुट्या भागांच्या निवडीत कोणते बदल झाले, याचे विवेचन केले आहे.

मूळ रचना आणि तिचे तत्त्व

जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५-१९२६) यांनी रचलेले ०.४५ इंच व्यासाच्या गोळीचे हे स्वयंभरणी पिस्तूल अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. त्याआधीच्या टिकाऊपणाच्या चाचणीत ६,००० फैरी झाडण्यात आल्या व त्यात पिस्तूल एकदाही अडले नाही. या चाचणीत ठरावीक अंतराने पिस्तूल साफ करून त्यास तेल देण्यात येत असे. म्हणजेच निगा हा चाचणीचाच एक भाग मानला गेला होता.

मूळ रचनेत नित्याच्या साफसफाईसाठी कोणतेही हत्यार लागत नाही. नळीखालील स्प्रिंगच्या तोंडावरील टोपण अंगठ्याने दाबायचे, नळीच्या तोंडाशी असलेले बुशिंग फिरवायचे व स्प्रिंग मोकळी करायची. त्यानंतर स्लाइड खाचेपर्यंत मागे ओढून स्लाइड स्टॉप काढला की स्लाइड पुढे सरकून निघते. अधिक खोलवर उकलतानाही पिस्तुलाचेच काही सुटे झालेले भाग पुढील पिना ढकलण्यास उपयोगी पडतात. चिखलात व अंधारात वावरणाऱ्या सैनिकाजवळ हत्यारपेटी असणार नाही, हे गृहीत धरूनच ही रचना केली होती. मात्र या सोयीसाठी भागांमध्ये थोडी मोकळीक ठेवणे आवश्यक होते.

अचूकतेचा आग्रह

अमेरिकेत राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांना १९०३ मध्ये प्रारंभ झाला. पुढे १९११ नमुन्याचे पिस्तूल या क्षेत्रात रुळले, तेव्हा सैनिकाला सोयीची असलेली मोकळीक नेमबाजाला दोष वाटू लागली. प्रत्येक फैरीनंतर नळी नेमकी त्याच जागी परतली नाही, तर गोळ्या लक्ष्यावर विखुरतात. त्यामुळे विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कुशल कारागीर नळी व बुशिंग हाताने घासून घट्ट बसवू लागले. असे बुशिंग बोटांनी फिरत नाही. त्यासाठी वेगळा पाना लागतो. अचूकता वाढली, परंतु हत्याराविना उकलण्याचे मूळ तत्त्व येथे प्रथम बाजूला पडले.

या पेचातून मार्ग काढण्याचा एक लक्षणीय प्रयत्न कोल्ट कंपनीने १९७० मध्ये केला. ‘सीरिज ७०’ या पिस्तुलांत चार लवचीक बोटे असलेले बुशिंग बसविण्यात आले. बोटांनी नळी घट्ट धरावी, पण हाताने घासून बसविण्याची गरज भासू नये, असा त्यामागील विचार होता. कल्पना चतुर होती. तथापि ही बोटे काही वेळा मोडत व पिस्तूल अडत असे. कालांतराने कंपनी एकसंध बुशिंगकडे परतली. दोन्ही गुण एकाच भागात आणण्याच्या प्रयत्नात तिसरा गुण, म्हणजे भरवसा, उणा पडला.

वेगवान स्पर्धा आणि गाइड रॉडचा प्रश्न

१९७६ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया (मिझुरी) येथे आंतरराष्ट्रीय व्यावहारिक नेमबाजी महासंघाची स्थापना झाली व जेफ कूपर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. या प्रकारात अचूकतेबरोबर वेगासही गुण असल्याने फैरींची संख्या वाढली. साहजिकच साफसफाईची वारंवारताही वाढली. नेमका याच काळात पूर्ण लांबीचा गाइड रॉड लोकप्रिय झाला. स्प्रिंग वाकू नये व पुढील बाजूस वजन वाढून पिस्तुलाची उसळी कमी व्हावी, ही त्यामागील कारणे सांगितली जात. त्यांपैकी वजनाचा लाभ समजण्याजोगा आहे. अचूकतेतील लाभाबाबत मात्र जाणकारांत एकमत नाही.

याची किंमत उकलताना मोजावी लागली. दोन तुकड्यांचा रॉड षट्कोनी किल्लीने सोडवावा लागतो आणि फैरींच्या हादऱ्याने तो आपोआप सैल होण्याची शक्यता असते. एकसंध रॉड सैल होत नाही. पण तो टोपणातून बाहेर येत असल्याने अंगठ्याने दाबण्याची जुनी रीत अवघड बनते. बुशिंगविना बसणाऱ्या जाड नळीच्या रचनेत रॉडला बारीक छिद्र ठेवून त्यात वाकवलेली तार अडकविली जाते व दाबलेली स्प्रिंग त्या आधारे बाहेर काढली जाते. अलीकडे रॉडमध्येच छोटा अडसर बसवून ही तारही अनावश्यक करण्यात आली आहे. दुसरीकडे अनेक स्पर्धक मूळ आखूड रॉडकडेच परतलेले दिसतात. शतकापूर्वीचे तत्त्व अशा रीतीने दोन वाटांनी पुन्हा प्रस्थापित होत आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, सुट्या भागांची निवड ही केवळ तांत्रिक बाब नसून ती यंत्र व वापरणारा यांच्यातील नाते ठरविते. घट्ट बसविलेले बुशिंग नेमबाजाला अचूकता देते, पण त्यास कारागिरावर अवलंबून ठेवते. जे पिस्तूल उकलणे कष्टाचे, ते साफ करणे लांबणीवर पडते. आणि न साफ केलेले पिस्तूल ऐन स्पर्धेत अडले, तर घासून मिळविलेली अचूकता व्यर्थ ठरते. म्हणून भागाची परीक्षा त्याने वाढविलेल्या गुणावरून जितकी व्हावी, तितकीच त्याने हिरावलेल्या सोयीवरूनही व्हावयास हवी. ब्राउनिंग यांच्या रचनेचे दीर्घायुष्य हे या दुहेरी कसोटीचेच फलित म्हणता येईल.