आगीच्या विम्यातला भूकंप

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे साडेचारही वाजले नव्हते. मी तेव्हा जुन्या अकरावीत. कराडच्या आमच्या घरात फळीवरची भांडी धडाधड कोसळली आणि आईने आम्हा भावंडांना ओढतच अंगणात आणले. उजाडल्यावर पाहिले, तर माजघराची भिंत वरपासून खालपर्यंत चिरलेली. तिकडे कोयनानगर जमीनदोस्त झाले होते, सुमारे पावणेदोनशे माणसे गेली होती. आमचे भिंतीवरच निभावले. वडिलांनी कर्ज काढून ती पुन्हा बांधली. विमा आमच्याकडे फक्त माणसाचा असे. घराचाही असतो, हे कुणाच्या गावी नव्हते!

भूकंपाचा विमा आला तो आगीच्या विम्याचे बोट धरून. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरले आणि मग तीन दिवस जळत राहिले. लोकांकडे विमा होता तो आगीचा. नुसत्या पडलेल्या घराला त्यातून काही मिळेना, म्हणून काहींनी आपली पडकी घरे स्वतःच पेटवून दिली! जपानमध्ये १९६४ च्या निगाताच्या भूकंपानंतर १९६६ साली कायदा झाला. तिथेही भूकंपाचा विमा आगीच्या विम्यालाच जोडला, पण मोठ्या भरपाईचा भार सरकारने वाटून घेतला.

आपल्याकडे आगीच्या पॉलिसीत भूकंप हवा असेल तर जादा हप्ता भरावा लागे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर पडली. त्यांतल्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

आता तेवढी अडचण नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते, आणि तीत भूकंप मुळातच धरलेला आहे. रक्कम जागेच्या बाजारभावावर ठरत नाही. घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल, त्यावर ठरते. सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. घरावर कर्ज असेल आणि बँकेने विमा काढला असेल, तर तो किती रकमेचा आणि कधीपर्यंतचा, हे मात्र बघून ठेवा.

गेल्या महिन्यात मीही अर्ज भरला. एजंट मुलाने विचारले, "सर, बांधकामाचं साल?"

माझ्या तोंडून निघून गेले, "१९५२. एक भिंत १९६८."