गुंडाळी, खिडकी आणि मर्यादा

नागपूरहून उमरेड व भिवापूर या मार्गानें नागभीडास येणारी अडीच फुटी रुळांची छोटी आगगाडी इ. स. १९०८ मध्यें सुरू झाली आणि मार्गाच्या रुंदीकरणासाठीं इ. स. २०१९ मध्यें बंद पडली. शंभराहून अधिक किलोमीटरांचा तो संथ प्रवास ज्यांनीं केला असेल, त्यांस डब्याच्या खिडकीची एक गंमत स्मरत असेल. चौकट जागच्या जागीं. तिच्यांतून शेतें, नाले आणि पुढें झाडीचे दाट पट्टे एकामागून एक सरकत जात. धांवत असे तो डबा; परंतु डोळ्यांस वाटे कीं, आपण स्थिर आहों आणि रानच कोणी मागें ओढून नेत आहे. लांबच लांब वस्तु लहान चौकटींतून क्रमाक्रमानें पाहण्याचा जो व्यवहार आज संगणकाच्या पडद्यावर घरोघरीं चालला आहे, त्याचें सारें रहस्य ह्या एका दृश्यांत सांठविलेलें आहे. त्या व्यवहाराची वंशावळ तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वंशावळीचा आरंभ कागदाच्या गुंडाळीपासून होतो. इंग्रजी 'स्क्रोल' ह्या शब्दाचा मूळ अर्थच गुंडाळी. आणि ग्रंथाचा खंड ह्या अर्थीं रूढ झालेला 'व्हॉल्यूम' हा शब्दही 'गुंडाळणें' ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघालेला आहे. रोमन जगांत इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत शिवलेल्या पानांच्या पुस्तकानें गुंडाळीस बहुतांशीं मागें सारलें. चीनमधील चित्रकारांनीं मात्र ती जपली. बाराव्या शतकांतील झांग झेदुआन याचें नदीकांठच्या नगराचें विख्यात चित्र सुमारें पंचवीस सेंटिमीटर उंच आणि सव्वापांच मीटर लांब आहे. असलीं चित्रें एका हातानें उलगडीत आणि दुसऱ्या हातानें गुंडाळीत, हातभर भाग डोळ्यांपुढें ठेवून पाहावयाचीं असत. किती झालें आणि किती उरलें, हें पाहणारास कोणास विचारावें लागत नसे. दोन हातांतील दोन गुंडाळ्यांची जाडीच तें सांगत असे.

आमच्याकडे लेखनाचीं दोन वळणें होतीं. पोथीच्या पानाची लांबी-रुंदी ठरलेली. मजकूर वाढला कीं पानांची संख्या वाढे. मोडी पत्राची रीत निराळी. कागदाची चिंचोळी पट्टी घ्यावी, ती संपली म्हणजे खालीं दुसरी चिकटवावी, आणि मजकूर संपेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. रुंदी कागदानें ठरे, लांबी मजकुरानें. ह्या पद्धतींत एक धोका उघड होता. मधला तुकडा काढून दुसरा घातला, किंवा शेवटीं चार ओळी जोडल्या, तर ओळखावें कसें? म्हणून जोडावर शिक्का उठविण्याची चाल पडली. आणि शिवकालापासून पत्राच्या अखेरीस, 'येथें मर्यादा शोभते' अशा अर्थाची एक लहानशी मुद्रा उमटविली जाऊं लागली. ती उमटली कीं मजकूर संपला. त्यापुढें कोणीं कांहीं लिहिलें तरी तें पत्राचें नव्हे. लिहिणारानें वाचणारास आपल्या लेखनाचा शेवट शिक्क्यानिशीं कळवावा, ही त्या मुद्रेंतील समज पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां पडद्याकडे वळूं. इ. स. १९६३ मध्यें अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यानें आपल्या प्रबंधासाठीं 'स्केचपॅड' नांवाची आज्ञावली रचिली. तींत मोठ्या आकृतीचा लहानसा भाग पडद्यावर मोठा करून पाहतां येत असे. म्हणजे आकृति एका मापाची आणि तिच्याकडे पाहण्याची चौकट दुसऱ्या मापाची, हा भेद तेथें स्पष्ट झाला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत 'स्मॉलटॉक' ही भाषा घडत असतां, चौकटीच्या कडेस सरकती पट्टी आली. पट्टीची पूर्ण लांबी म्हणजे सगळा मजकूर, आंतील खुणेची लांबी म्हणजे दिसणारा भाग, आणि खुणेचें स्थान म्हणजे आपण कोठें आहों तें. दोन गुंडाळ्यांच्या जाडीचें काम एका रेघेनें केलें.

अशी चौकट बांधणाऱ्या आज्ञावलीकारापुढें कोणते प्रश्न उभे राहतात, हें पाहणें उद्बोधक आहे. इ. स. १९९८ मध्यें जावा भाषेच्या १.२ ह्या आवृत्तीबरोबर आलेल्या 'स्विंग' ह्या घटकसंचांतील 'जेस्क्रोलपेन' हें त्याचें चांगलें उदाहरण होय. मध्यभागीं 'व्ह्यूपोर्ट', म्हणजे पाहण्याची खिडकी. बाजूस व तळाशीं दोन पट्ट्या. आणि वर व कडेला मथळ्यांसाठीं स्वतंत्र खिडक्या, ज्यांच्यामुळें कोष्टक कितीही खालीं सरकलें तरी स्तंभांचीं नांवें डोळ्यांपुढें राहतात. खिडकीच्या आंत सबंध मजकुराचा एक मोठा कागद कल्पिलेला असतो. वाचकानें खालीं जाण्याची आज्ञा केली म्हणजे खिडकी हालत नाहीं. आंतील कागदाचें स्थान ऋण अंकांनीं मोजून तो वर ओढला जातो. नागभीडच्या गाडींत जो डोळ्यांचा भ्रम होता, तो येथें वस्तुस्थिति होऊन बसतो: डबा उभा आहे आणि रानच मागें जात आहे.

नवशिक्याची चूक बहुधा मापांच्या वाटणींत होते. खिडकीचें माप बाहेरच्या रचनेनें ठरावें, कागदाचें आंतील मजकुरानें, हा मूळ नियम. कागदासच खिडकीएवढा करून टाकला तर सरकविण्यास कांहीं उरत नाहीं, आणि न मावणारा मजकूर कापला जातो. उलटपक्षीं, कागदास दोन्ही दिशांनीं मोकळें सोडलें तर सबंध परिच्छेद एकाच आडव्या ओळींत धांवूं लागतो. गद्यास मानवणारा तोडगा मोडी कारकुनास ठाऊक होता तोच: रुंदी खिडकीवरून घ्यावी, लांबी मजकुरावर सोडावी. तरीही एक पेंच उरतो. रुंदीबरोबर उंचीही वाढणारें चित्र आंत ठेविलें, तर तें खिडकीबाहेर जातांच पट्टी प्रकट होते. पट्टीनें जागा व्यापल्यामुळें चित्र अरुंद आणि म्हणून ठेंगणें होतें. तें मावूं लागतांच पट्टी लुप्त होते. आणि चित्र पुनः वाढतें. ही फुगडी थांबविण्याचा साधा उपाय म्हणजे पट्टीची जागा प्रथमपासून राखून ठेवणें. लक्षावधि ओळींच्या यादींत तर दिसतील तेवढ्याच ओळी रेखाटतात. परंतु न रेखाटलेल्या ओळींचीही उंची हिशेबांत धरावी लागते, नाहींतर पट्टी खोटें सांगूं लागेल. जें दाखवावयाचें नाहीं त्याचेंही माप प्रामाणिकपणें द्यावें लागतें, हें ह्या कारागिरीचें मर्म आहे.

हा प्रामाणिकपणा इतिहासांत सरळ रेषेंत वाढत गेलेला नाहीं. इ. स. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्यें पट्टींतील ठोकळा एकाच मापाचा होता. तो स्थान सांगे, प्रमाण सांगत नसे. विंडोज ९५ मध्यें ठोकळा मजकुराच्या प्रमाणांत लहानमोठा होऊं लागला, आणि मॅकिंटॉशनें इ. स. १९९८ मध्यें तीच सोय स्वीकारली. इ. स. २०११ मध्यें त्याच मॅकिंटॉशनें पट्टी एरवीं झांकून ठेवण्याची आणि बोट ज्या दिशेस जाईल त्याच दिशेस कागद नेण्याची चाल पाडली. त्यापूर्वींच, इ. स. २००६ मध्यें, एझा रास्किन यानें वाचक तळाशीं पोंचण्याच्या आंत नवा मजकूर आपोआप जोडला जावा अशी युक्ति योजिली. पानें उलटण्याचा त्रास वाचावा, एवढाच तिचा हेतु होता. परिणाम असा झाला कीं, कागदास शेवटच राहिला नाहीं. पट्टींतील ठोकळा लहान होत होत मागें उडी घेतो, आणि 'किती उरलें' ह्या प्रश्नास उत्तर मिळत नाहीं. रास्किन यानेंच पुढें ह्या युक्तीबद्दल जाहीरपणें खेद व्यक्त केला.

कोणी म्हणेल, बातम्यांच्या ओघास अंत नाहीं, मग तो कोठून दाखवावा? हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. नदीला मर्यादामुद्रा नसते. परंतु नदीकांठीं घाट बांधणें मनुष्याच्या हातीं असतें. आजचें एवढें, उद्यांचें उद्यां, असें म्हणून ओघांतही खूण ठेवतां येते. ती न ठेवण्यांत वाचकाच्या वेळेवर दुसऱ्या कोणाची सत्ता चालूं लागते. आमच्या वर्गांतील चांगल्या बुद्धीचे विद्यार्थी हातांतील पडद्यावर तासभर वाचन करून उठतात, आणि काय वाचलें असें विचारलें असतां गोंधळतात. त्यांस आरंभ आठवत नाहीं, कारण त्यांस शेवट भेटलेला नसतो.

छोट्या गाडीच्या खिडकींतील रान अफाट वाटे. तरी प्रत्येक स्थानकावर नांवाची पाटी असे, आणि गोंदिया किंवा चांद्याकडे पुढें जावयाचें असलें तरी ती गाडी नागभीडास सोडावीच लागे. गांठोडें उचलून उतारू फलाटावर उभा राही आणि आपण कोठून आलों, कोठें आलों, हें त्यास पक्कें ठाऊक असे. पडद्यावरील खिडकी बांधणाऱ्यानें आपल्या वाचकास तेवढें तरी ठाऊक होऊं द्यावें.