मागल्या दाराचा फंड : रुपयामागे एक आण्यापासून १०३ कोटींपर्यंत

दिवाळीत शिरपूरला घरी होतो. अमेरिकेत अभियंता असलेल्या एका मित्राच्या थोरल्या भावाचा फोन आला. म्हणाला, "तू इतिहासवाला ना? मग सांग. माझा पगार जास्त म्हणून रॉथ खात्यात मला सरळ पैसे भरता येत नाहीत, पण दरवर्षी मागल्या दाराने मी ते भरतो, आणि तेही कायदेशीर आहे. असले दार कुणी ठेवले?"

प्रश्न अमेरिकेचा होता. उत्तर शोधताना मी मात्र येऊन पोहोचलो खानदेशातल्या कापडगिरण्यांपाशी. म्हणून हा थ्रेड. जरा लांबला आहे, सांभाळून घ्या.

आधी अमेरिका. रॉथ खाते १९९७ च्या कायद्याने जन्मले आणि डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांचे नाव त्याला मिळाले. तत्त्व साधे : कर भरून उरलेला पैसा त्यात ठेवायचा, पुढची वाढ आणि म्हातारपणी काढलेली रक्कम करमुक्त. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कमावणाऱ्याला त्यात थेट प्रवेश नाही. पण जुन्या पद्धतीच्या निवृत्ती खात्यात, वजावट न मागता, कितीही पगार असलेल्याला पैसे भरण्याची मुभा १९८६ पासूनच होती. तिथून रॉथमध्ये रक्कम वळवण्यावर १ लाख डॉलर उत्पन्नाची अट होती. ती २०१० पासून उठली. वळवताना कर लगेच हाती येतो, असा हिशेब त्यामागे होता. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हेतूंनी केलेल्या या दोन तरतुदी अशा समोरासमोर आल्या आणि त्यांच्यामधून वाट निघाली : जुन्या खात्यात भरा, लगेच रॉथमध्ये वळवा.

आता आपल्याकडे या.

१५ नोव्हेंबर १९५१ रोजी भविष्य निर्वाह निधीचा अध्यादेश निघाला, १९५२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १ नोव्हेंबर १९५२ पासून योजना सुरू झाली. आरंभी ती सहाच उद्योगांना लागू होती : सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. या यादीतला शेवटचा शब्द खानदेशासाठी महत्त्वाचा. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल : आपल्या भागातला संघटित कामगार म्हणजे प्रामुख्याने गिरणी कामगार. कपातीचा दर होता सव्वासहा टक्के. आजच्या वाचकाला हा आकडा विचित्र वाटेल, पण सोळा आण्यांच्या रुपयात तो अगदी सोपा होता. रुपयामागे एक आणा कामगाराचा, एक आणा मालकाचा. फंड कापला किती, हे ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही बोटांवर मोजता यावे!

योजनेला वरची मर्यादाही होती : दरमहा ३०० रुपये. त्याहून अधिक वेतन असलेला माणूस योजनेबाहेर, कारण त्याला या आधाराची गरज नाही, अशी धारणा. ही मर्यादा पुढे वाढत वाढत १९९४ मध्ये ५,०००, २००१ मध्ये ६,५०० आणि २०१४ मध्ये १५,००० झाली.

पण योजनेतच परिच्छेद २६(६) आहे. कामगार आणि मालक यांनी मिळून लेखी विनंती केली आणि अधिकाऱ्याने परवानगी दिली, तर मर्यादेवरच्या पगारावरही फंड भरता येतो. शिवाय परिच्छेद २९ प्रमाणे कर्मचारी स्वतःच्या इच्छेने ठरलेल्या दरापेक्षा अधिक भरू शकतो. मालकावर तेवढे भरण्याचे बंधन नाही. बचतीला उत्तेजन देणारी, दिसायला अगदी निरुपद्रवी अशी ही दोन वाक्ये.

त्यांच्याशेजारी आयकर कायदा ठेवून पाहा. कलम ८०क ची वजावट दीड लाखापर्यंतच. त्याच्या वर फंडात टाकलेल्या पैशावर कर आधीच भरलेला असतो. पण त्यावरचे व्याज आणि शेवटी मिळणारी रक्कम करमुक्त, आणि तीही कोणत्याही कमाल मर्यादेविना. म्हणजे नाव न देता रॉथच! किंबहुना त्याहून ऐसपैस. अमेरिकेतल्या त्या दारातून पन्नाशीच्या आतल्या माणसाला २०२५ मध्ये वर्षाला ७,००० डॉलरच नेता येत होते. आपल्याकडे मूळ पगार आणि महागाई भत्ता पूर्णच्या पूर्ण फंडात टाकण्याची सोय होती, आणि १९९० च्या दशकात व्याजदर १२ टक्के होता.

२०२१ च्या अर्थसंकल्पानंतर महसूल खात्याच्या हवाल्याने वृत्तपत्रांत आकडे आले. एका सदस्याच्या खात्यात १०३ कोटींहून अधिक. वरच्या वीस जणांचे मिळून सुमारे ८२५ कोटी. रुपयामागे एक आण्याने सुरू झालेला हा निधी होता, हे ध्यानात ठेवून ते आकडे पुन्हा वाचा. यात बेकायदा काहीच नव्हते, हे मला अधिक बोचते.

१ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वर्गणीतील वर्षाला अडीच लाखांवरच्या रकमेचे व्याज करपात्र झाले. (मालकाची वर्गणी नसलेल्या सरकारी निधीसाठी ही मर्यादा पाच लाख.) दार बंद झाले नाही, उंबऱ्यावर जकात बसली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकी प्रतिनिधिगृहानेही रॉथचे मागले दार बंद करणारे विधेयक संमत केले, पण सिनेटमध्ये ते अडले. मित्राच्या भावाचे दार त्यामुळे वाचले.

त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या २०२१ च्या त्याच वित्त कायद्याने परदेशातून परतलेल्यांसाठी कलम ८९अ आणले आणि पुढे अमेरिका, ब्रिटन व कॅनडा हे देश त्यासाठी अधिसूचित झाले. तिथल्या निवृत्ती खात्यातल्या वाढीवर इथे दरवर्षी कर न लावता, तिथे पैसे काढताना कर लागतो तेव्हाच तो लावायचा, असा त्याचा आशय. रॉथमधून नियमानुसार पैसे काढताना तिथे कर लागतच नाही! कलमाच्या शब्दांत ते खाते सरळ बसत नाही. "परत यायच्या आधी जाणकार सनदी लेखापालाला गाठ," एवढेच मी म्हणालो. इतिहासवाल्याचा अधिकार तिथे संपतो.

परिच्छेद २६(६) ची गोष्ट मात्र संपलेली नाही. १९९५ ची निवृत्तिवेतन योजना आली तेव्हा पेन्शनही वेतनमर्यादेवरच मोजली जाऊ लागली. प्रत्यक्ष पगारावर हवी असेल तर पुन्हा मालक-कामगारांचा संयुक्त पर्याय. ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की १ सप्टेंबर २०१४ पूर्वी असा पर्याय न देताच निवृत्त झालेल्यांना वाढीव पेन्शन मिळणार नाही. ज्यांना सल्लागार ठेवणे परवडत होते त्यांना 'संयुक्त विनंती'चा अर्थ ठाऊक होता. ज्यांच्यासाठी योजना जन्मली, त्यांतल्या अनेकांनी तो शब्द निवृत्तीनंतर ऐकला. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे.

आमच्या गल्लीत एका गिरणीतून २०११ साली निवृत्त झालेले फोरमन राहतात. फंड पूर्ण पगारावर कापला जाई, पेन्शन मर्यादेवर बसली. या दिवाळीत त्यांनी पत्र्याची पेटी माझ्यापुढे उघडली. वर्षावर्षाच्या फंडाच्या पावत्या, सुतळीने बांधलेल्या, एकही गहाळ नाही. "बाबा, यात तो संयुक्त पर्यायाचा कागद कोणता?" त्यांनी विचारले. आम्ही दोघांनी मिळून पेटी तळापर्यंत पाहिली. तो कागद त्यात नव्हता.