अंतःस्रावी शल्यचिकित्सेतील एम.सीएच. पदवी

अवटू (थायरॉइड), परावटू (पॅराथायरॉइड) व अधिवृक्क (ॲड्रिनल) या ग्रंथींच्या शस्त्रक्रियांसाठीची भारतातील अतिविशेष पदवी. एम.बी.बी.एस. आणि सामान्य शल्यचिकित्सेतील तीन वर्षांची एम.एस. ही पदव्युत्तर पदवी पूर्ण केल्यावर ‘नीट-एसएस’ या प्रवेश परीक्षेतून या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. लखनौ येथील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था व वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही त्याची प्रमुख केंद्रे होत.

या शाखेचा पाया बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी घातला. अवटू ग्रंथीवरील कार्याबद्दल त्यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मानवातील परावटू ग्रंथींचे वर्णन ईवार सांडस्ट्रोम यांनी १८८० मध्ये केले, तर फेलिक्स मांडल यांनी १९२५ मध्ये व्हिएन्नात परावटू ग्रंथीची गाठ काढून अस्थिविकाराच्या रुग्णावर उपचार केले.

प्रशिक्षणाचा कस लागतो तो मानेतल्या अरुंद जागेत. अवटू ग्रंथीमागून जाणाऱ्या स्वरयंत्राच्या तंत्रिकेस इजा झाल्यास आवाज घोगरा होतो. दोन्ही बाजूंच्या तंत्रिका दुखावल्यास श्वासमार्ग अडू शकतो. सहसा चार असणाऱ्या परावटू ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात. त्या चुकून निघाल्यास किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटल्यास रक्तातील कॅल्शियम घटून हातापायांना मुंग्या व पेटके येतात. म्हणूनच शस्त्रकौशल्याबरोबर संप्रेरकविज्ञान, ध्वनिचित्रण (सोनोग्राफी) आणि सूक्ष्मसुईने काढलेल्या पेशींच्या तपासणीचा अर्थ लावणे यांचे ज्ञानही विद्यार्थ्याला आवश्यक असते.