चोर आणि चोरीथो

माणसाने साठीनंतर नवी भाषा शिकू नये. शिकलाच, तर निदान बायकोला बरोबर घेऊन त्या भाषेच्या देशात जाऊ नये. हा सल्ला मी पुस्तकात वाचून देत नाही. पदरची अब्रू खर्चून देतो आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त माद्रिदला असतात. "बाबा, या एकदा दोघं," असे त्याचे चार वर्षे चालले होते. अखेर जायचे ठरले, तेव्हा मी मनाशी म्हटले की, परक्या मुलखात खांबासारखे उभे राहण्यापेक्षा चार शब्द शिकून गेलेले बरे. पुण्यात एका स्पॅनिशच्या वर्गाला नाव घातले. मी सोडून वर्गातली सगळी मंडळी माझ्या पुतण्यांच्या वयाची. सहा महिने मान मोडून क्रियापदे पाठ केली, परीक्षा दिली, आणि मिळालेले प्रमाणपत्र बैठकीत अशा बेताने लावले की, पाहुणा चप्पल काढायला वाकला तरी त्याला ते दिसावे. सौ.ने मात्र एक अक्षरही शिकायला साफ नकार दिला. "मला काय करायचंय? भाजीकडे बोट दाखवता येतं मला," असे म्हणून तिने तो विषय आणि हातातली मेथी एकदमच निवडून टाकली.

माझे स्पॅनिश फार सभ्य होते. ग्रंथालय कोणत्या बाजूला आहे, हे मी तिन्ही काळांत विचारू शकत असे. काकूंची छत्री निळी असल्याचे सांगू शकत असे. माद्रिदला उतरल्यावर दोन दिवसांत कळले की, त्या शहरात कोणाला काकूही नाहीत आणि कोणी ग्रंथालयही शोधत नाही. आठ वर्षांच्या नातवाला नवे बूट दाखवले, तर तो म्हणाला, "मोला!" चिरंजीव सकाळी घाईघाईत निघाले, ते 'कुर्रो'ला निघाले. रस्त्यावर पोरांना हाक मारायची ती 'चाबाल' म्हणून. आणि पाहुण्याने सटकायचे ठरवले की त्याने 'पिरार्से' केले. माझ्या पाठ्यपुस्तकात यातला एकही शब्द नव्हता. मी एक वही घातली आणि जावयासारखा हट्टाने ऐकत बसू लागलो. मोला म्हणजे झकास, आवडले. कुर्रो म्हणजे कामधंदा. चाबाल म्हणजे पोरगा. पिरार्से म्हणजे काढता पाय घेणे. 'मांगार' म्हणजे लांबवणे, आणि 'कामेलार' म्हणजे गोड बोलून एखाद्याला, विशेषतः एखादीला, गुंडाळणे.

वरच्या मजल्यावर रंगारी काम करत होते. दुपारी दोनच्या सुमारास त्यांच्यातला एक जिन्यातून ओरडला, "आ खामार!"

मी शब्दकोश उघडला. 'ख'चा उच्चार तिथे 'जे' या अक्षराने लिहितात, हे मला ठाऊक होते. त्या अक्षराची पाने चाळू लागलो.

"अहो, काय शोधताय?" सौ. म्हणाली. "जेवायला बोलावतोय तो. 'खा' म्हणतोय, ऐकू येत नाही?"

मी तिच्याकडे दयेने पाहिले. वर रंगारी डबे उघडत होते.

खरा प्रसंग घडला तो रविवारी. माद्रिदमध्ये 'एल रास्त्रो' नावाचा मोठा जुना बाजार दर रविवारी भरतो. आपल्या जुन्या बाजारासारखाच. फरक इतकाच की, मोडके घड्याळ तिथे युरोत मिळते. पाकीटमारांपासून सावध राहा, असे येणाऱ्याजाणाऱ्याने बजावलेले. आम्ही गर्दीत असताना एकदम गलका झाला. एक पोरगा पळत सुटला आणि मागून एक दुकानदारीण किंचाळली, "चोरीथो! चोरीथो!"

"अगंबाई, चोर! चोर म्हणतेय ती!" सौ.ने माझा दंड धरला.

मी प्रमाणपत्रधारकाच्या शांतपणाने समजावू लागलो, "चोर नव्हे. चोरीथो. म्हणजे डुकराच्या मांसाचा तिखटसर सॉसेज. आपल्या गोव्यात पोर्तुगीजांमुळे आला, चोरीस म्हणतात बघ, तोच. ती सॉसेज विकत असणार."

"अहो, सॉसेज विकणारी बाई अशी छाती पिटेल का?"

चिरंजीव पोट धरून हसत होते. "बाबा, आईचं बरोबर आहे. चोरीथो म्हणजे सॉसेज खरंच. पण रस्त्यावरच्या भाषेत चोरालाही चोरीथोच म्हणतात." पुढे त्याने असेही सांगितले की, 2011 साली भ्रष्टाचाराला आणि मंदीला कंटाळून लाखो लोक स्पेनच्या चौकांत उतरले, तेव्हा याच श्लेषावरची एक घोषणा देशभर गाजली होती : एवढ्या चोरीथोंना पुरेल इतका पाव आहे कुठे?

मी हसण्यासाठी खिशात हात घातला. म्हणजे हात घातला तो सवयीने. हसू नंतर यायचे होते. ते आलेच नाही, कारण खिशात पाकीट नव्हते.

शेजारी एक टापटिपीचे वयस्क गृहस्थ उभे होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला, खांदे उडवले आणि एकच शब्द बोलले, "खितानोस." म्हणजे जिप्सी. मीही मान डोलावली. त्या रात्री पुण्याला धाकट्या भावाला फोन करून कळवून टाकले, "जिप्सींनी पाकीट मारलं रे." भावाने ते बहिणीला सांगितले, बहिणीने भिशीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्म्या सदाशिव पेठेला स्पेनच्या जिप्सींची बित्तंबातमी होती.

पाकीट गेलेल्या माणसाला वेळ भरपूर असतो, कारण बाहेर जाऊन खर्च करता येत नाही. मी चिरंजीवांची पुस्तके काढून बसलो. म्हटले, सौ.ला 'चोर' ऐकू आले, तो योगायोग असेल. पण 'खा'सुद्धा ऐकू आले, हे जरा जास्तच झाले. आणि वाचता वाचता माझी मान खाली जाऊ लागली.

माझ्या वहीतले ते सगळे शब्द ज्या बोलीतून आले होते, तिचे नाव 'कालो'. स्पेनच्या खितानो लोकांची बोली. हे लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या उत्तर भारतातून निघाले आणि इराण, आर्मेनिया, ग्रीकांचा मुलूख असे पिढ्यान् पिढ्या सरकत युरोपात पोचले. युरोपियनांना वाटले, ही मंडळी इजिप्तची. म्हणून 'एखिप्तानो', आणि त्याचे झिजून 'खितानो'. त्यांनी बरोबर काय आणले असेल? सोने नाही, देव नाहीत, पोथ्या नाहीत. शब्द आणले. त्यांच्या भाषेत चोर म्हणजे चोरच. खाणे, त्यातून 'खामार'. मागणे, त्यातून 'मांगार'. मूळ अर्थ मागणे, पुढे न मागता घेणे. मोल, म्हणून 'मोला'. काम, म्हणजे मदनाचा काम, म्हणून 'कामेलार'. फिरणे, त्यातून 'पिरार्से'. आणि चाबाल म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून आपला छावा! पाण्याला तर कालोत 'पान्यी' म्हणतात; त्यावर शब्दकोश काय उघडायचा?

"म्हणजे मराठीच की!" सौ. म्हणाली.

मी सांगितले, मराठी नव्हे. मराठीची चुलत बहीण म्हण. पणजोबा एक, ती घर सोडून गेली आणि परत आली नाही, एवढेच.

पण घर सोडून गेलेल्या बहिणीला सासर कसे मिळाले, ते ऐका. सुरुवात झकास झाली. 1425 साली आरागॉनच्या पाचव्या आल्फोन्सो राजाने 'धाकट्या इजिप्तचा डॉन ख्वान' अशा भारदस्त नावाच्या यात्रेकरूला तीन महिने मुलखातून फिरण्याचा परवाना दिला. खितानोंचा स्पेनमधला हा पहिला कागद. (आमचाही व्हिसा तीनच महिन्यांचा होता. पाच-सहाशे वर्षांत त्या खात्याने मुदत वाढवलेली दिसत नाही.) मग 1499 साली फेर्दिनांद आणि इसाबेला यांचा हुकूम निघाला : साठ दिवसांत ठरलेला धंदा आणि मालक पत्करा, नाहीतर देश सोडा. न ऐकणाऱ्याला पहिल्या खेपेस शंभर फटके, दुसऱ्या खेपेस कान कापणे आणि तिसऱ्या खेपेस गुलामी. 1633 साली चौथ्या फिलिपने त्यांचा पोशाख बंद केला, भाषा बंद केली, आणि 'खितानो' हे नावदेखील बंद केले. आणि 1749च्या जुलै अखेरीस, सहाव्या फेर्दिनांदच्या राज्यात, देशभर एकदम धाडी घालून नऊ हजारांच्या आसपास माणसे पकडली. पुरुष आणि मोठे मुलगे नौदलाच्या गोद्यांत मजुरीला, बायका आणि लहान पोरे वेगळीकडे कोंडून. वेगळे अशासाठी की, पुढे या लोकांची प्रजाच होऊ नये. काहींच्या सुटकेला 1765 उजाडले. गुन्हा कोणता? कोणताच नाही. खितानो असणे.

इथे मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. आपल्याकडे तरी काय निराळे? 1871 साली इंग्रजांनी कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. 1952 साली तो कायदा गेला. पण गावात कोंबडी जरी हरवली, तरी लोकांची नजर आधी पारध्याच्या पालाकडे वळते, ती अजून कुठे गेली आहे?

गंमत म्हणजे, हे लोक कुठले, याचा उलगडा तेव्हाच होत होता. जर्मनीत हाले इथल्या रूडिगर नावाच्या विद्वानाने एका जिप्सी बाईकडून तिच्या भाषेतली वाक्ये घेतली, मिशनऱ्यांनी लिहिलेले हिंदुस्तानीचे व्याकरण शेजारी ठेवले आणि 1782 साली छापून टाकले की, ही माणसे हिंदुस्थानची. लगेच पुढच्या वर्षी, 1783 साली, स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसने फर्मान काढले : खितानोंनी हवा तो धंदा करावा, आम्ही आडवे येणार नाही, मात्र त्यांनी ती भाषा बोलता कामा नये.

भाषेवर अशी बंदी आली म्हणजे काय होते? आधी व्याकरण मरते. कालोचे तसेच झाले. शब्द आपले, प्रत्यय स्पॅनिश. आपण नाही का म्हणत, 'साहेबांनी फाइल फॉरवर्ड केली, मी डाउनलोड करून चेक करतो'? तशी गत. जॉर्ज बॉरो नावाच्या एका विक्षिप्त इंग्रजाने 1837 साली माद्रिदमध्ये ल्यूकचे शुभवर्तमान कालोत छापले. पुढच्या वर्षी तो स्वतःच तिथल्या तुरुंगात जाऊन पडला, आणि तिथेही कैद्यांची भाषा टिपत बसला. म्हणजे माझ्यासारखा वहीवाला तेव्हाही होता. फक्त त्याची बायको बरोबर नव्हती.

व्याकरण मेले, पण शब्द काही मेले नाहीत. ते तुरुंगातून, बाजारातून, बैलझुंजीच्या मैदानातून आणि फ्लामेंकोच्या मैफलीतून निसटले आणि राज्यकर्त्यांच्याच पोरांच्या तोंडात जाऊन बसले. पुढे जहाजात बसून अमेरिकेलाही गेले. मेक्सिकोत पोराला 'चाबो' म्हणतात. 1970च्या दशकात तिथे चाळीतल्या अंगणात पिंपात बसणाऱ्या एका चाबोची दूरदर्शन मालिका इतकी गाजली की, सारा स्पॅनिश मुलूख हसून लोळला. ब्वेनोस आयरेसमध्ये चोराला 'चोर्रो' म्हणतात. आणि माद्रिदमध्ये 'कुर्रार' म्हणजे राबणे, तर ब्वेनोस आयरेसमध्ये त्याच शब्दाचा अर्थ लोकांना गंडा घालणे. तेव्हा स्पेनमधल्या माणसाने अर्जेंटिनात आपल्या नोकरीविषयी जरा जपूनच बोलावे.

स्पेनमध्ये 1713 सालापासून भाषेची एक राजमान्य अकादमी आहे. भाषा स्वच्छ करावी, पक्की बसवावी आणि तिला झळाळी आणावी, असे तिचे ब्रीद; ऐकताना भांड्याच्या पावडरीची आठवण होते. या अकादमीने मोला, चाबाल, चोरीथो वगैरे शब्द कोशात घेतले, पुढे 'कालोतून' असा जन्मदाखलाही जोडला. पण 2014च्या आवृत्तीत 'खितानो' या शब्दाचा एक अर्थ 'लबाडीने फसवणारा' असाही दिला होता. 2015 साली खितानोंच्या संस्थांनी आवाज उठवला. त्यांच्या शाळकरी पोरांनी तो अर्थ कोशातून वाचून पाहिला, आणि ती पोरे कॅमेऱ्यासमोर गप्प झाली. मग अकादमीने पुढे टीप घातली की, हा अर्थ अपमानकारक म्हणून वापरला जातो. शब्द घेतले ते आनंदाने. माणसांना घ्यायला टीप लागली.

तिसऱ्या दिवशी सौ. हातात माझी कापडी पिशवी घेऊन आली, शब्दकोशाची. "अहो, हे काय?" शब्दकोशाच्या प्लॅस्टिकच्या वेष्टणात, 'पाकीटमारांपासून सावध राहावे' म्हणून मीच रविवारी सकाळी खुपसून ठेवलेले माझे पाकीट होते. एक युरो कमी नव्हता.

सौ. काही बोलली नाही. चहा ठेवता ठेवता एवढेच म्हणाली, "आता माफी कुठे जाऊन मागणार?"

निदान बातमी तरी मागे घ्यावी, म्हणून मी भावाला फोन लावला. म्हटले, "अरे, ते पाकीट सापडलं बरं का."

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काय सांगतोस दादा! म्हणजे त्या जिप्सीने परत आणून दिलं?"